सलीम अलींसाठी उघडलेलं कपाट

गेल्या मे महिन्यात मी सात मुलांना घेऊन मुंबईला गेलो. दोन भाचे, एक भाची आणि बाकीची त्यांच्या ओळखीच्या घरांतली; कुणी सफाळ्याची, कुणी पालघरची, कुणी बोईसरची. आमचं घर माकुणसारला आहे, म्हणून सगळी आदल्या रात्री आमच्याकडेच झोपायला आली. सकाळी सफाळ्याला लोकल पकडली, विरारला गाडी बदलली आणि चर्चगेटला उतरून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पोहोचलो.

मुलांना मूर्ती आणि जुनी चित्रं दाखवायचा माझा बेत होता. ती रमली मात्र निसर्गाच्या दालनात. गवा, वाघ, धनेश, रोहित पक्षी, सगळे काचेमागे, त्यांच्या त्यांच्या जंगलाचा किंवा पाणथळीचा देखावा उभा करून मांडलेले. अर्ध्या तासात बाहेर पडू असं म्हणत होतो, दीड तास गेला. निघताना सहावीतल्या भाच्यानं विचारलं, "मामू, आपल्या खाडीची काच कुठंय?"

मी हसून वेळ मारून नेली. कुठलंही संग्रहालय प्रत्येक गावची खाडी काचेत ठेवू शकत नाही, हे त्याला कळण्यासारखं होतं. पण परतीच्या गाडीत तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण ती काच कुणीतरी आमच्यासाठी बनवायला हवी होती असं मीही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

या दालनाशी आपला एक जुना संबंध आहे. सलीम अलींचं नाव आपण सगळे घेतो. १२ नोव्हेंबरला त्यांची जयंती आली की 'भारताचे बर्डमॅन' म्हणून त्यांचा फोटो आपल्या ग्रुपवर फिरतो. पद्मविभूषण, राज्यसभा, टपाल तिकीट, एवढी माहिती असते. पण १९२६ साली, त्यांची तिशी जवळ आलेली असताना, ते याच संग्रहालयात नोकरीला होते हे फार कमी जणांना माहीत असतं. संग्रहालयाचं नाव तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होतं. नैसर्गिक इतिहासाचा विभाग नवा होता आणि तो उभारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं मदत केली होती. तिथं सलीम अलींना गाइड लेक्चरर म्हणून नेमलं. पगार महिना ३५० रुपये. काम काय, तर येणाऱ्या लोकांना आणि शाळेच्या पोरांना काचेमागचं समजावून सांगायचं. आज ज्याला आपण संग्रहालयाचा लोकांसाठीचा कार्यक्रम म्हणतो, तोच.

त्याच काळात त्यांनी मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. जहांगीर शिकारी होता, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्यानं सारस पक्ष्यांच्या जोडीचं दिवसेंदिवस निरीक्षण करून आठवणींत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून पक्षी-प्राण्यांची अचूक चित्रं काढून घेतली, हे शिकवत नाहीत.

पण मला सलीम अलींची त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवलं. पोरगा एअरगननं चिमण्या मारायचा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ही नेहमीची चिमणी नाही हे त्याच्या लक्षात आलं. मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी दिली आणि पोरगा ती चिमणी घेऊन सोसायटीत गेला. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी तिचं नाव सांगितलं आणि तेवढ्यावर न थांबता पक्ष्यांच्या नमुन्यांची कपाटं उघडून दाखवली. वाचायला पुस्तकंही दिली.

एका लहान मुलासाठी कुणीतरी कपाट उघडलं, हीच सगळी सुरुवात. संग्रहालयाचा उन्हाळी कार्यक्रम, प्रदर्शन, निसर्गफेरी, कार्यशाळा या सगळ्याचा खरा उपयोग एवढाच असतो. मुलाचा प्रश्न कुणीतरी गंभीरपणे घेतो आणि त्याला पुढचं दार दाखवतो.

आता कुणी म्हणेल, तय्यबजींच्या घरातली गोष्ट आम्हाला काय सांगता? बरोबर आहे. ते मोठं, शिकलेलं, ओळखी असलेलं घराणं होतं. बोईसरला एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाकडे अशी चिठ्ठी नसते. माझे अब्बाही असेच पाळीवर जायचे. मी इंजिनिअर झालो तो त्यांच्या ओव्हरटाइमवर, ओळखीवर नाही. पण सलीम अलींचा पुढचा प्रवासही सोपा नव्हता. विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेत त्यांना जागा मिळाली नाही. संग्रहालयातून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि १९३० साली परत आले तेव्हा पैशाअभावी त्यांची ती जागाच रद्द झाली होती. बेकार माणूस बायकोसह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिला. तिथं त्यांनी झाडांवरची सुगरणीची घरटी बघायला सुरुवात केली. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग ते पुरं होतं आणि नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी महिनोन्महिने बघून लिहिलं. त्या लिखाणानं त्यांचं नाव झालं. संग्रहालयातली नोकरी गेल्यावर किनाऱ्यावरचं एक गाव त्यांचं संग्रहालय झालं.

किहीमसारखीच गावं आपल्याकडेही आहेत. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

मुंबईत आज पुष्कळ काही चालतं. वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालय आहे. २०१५ पासून त्यांची एक बस, फिरतं संग्रहालय म्हणून, शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. तिचं कार्यालय हॉर्नबिल हाऊस वस्तुसंग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिच्या गोरेगावच्या केंद्रात फुलपाखरं बघायच्या फेऱ्या होतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन खडकांतलं जग दाखवतात. यातलं किती आपल्या मुलांपर्यंत पोहोचतं? आमच्या सात मुलांपैकी एकानंही यातलं काही ऐकलेलं नव्हतं. बहुतेक सगळं मुंबईत, बरंचसं इंग्रजीत. सफाळ्याहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, आणि पाच जणांच्या घराला गाडीभाडं, तिकीट, खाणं धरलं तर तो महिन्याचा मोठा खर्च असतो.

आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत असतं काय? दीनियातचे वर्ग, स्पोकन इंग्लिश, आठवीपासून नीट-जेईईचं फाउंडेशन आणि उरलेला वेळ मोबाइल. यातलं पहिलं-दुसरं-तिसरं चूक आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः त्यातूनच आलो. पण मुलं वर्गात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावांच्या सूरह शिकतात आणि बाहेर आल्यावर अंगणातली मुंगी कुठं चाललीय ते बघ, असं त्यांना कुणी सांगत नाही. आपल्या संस्था करिअर मार्गदर्शनाची शिबिरं घेतात, गुणवंतांचे सत्कार करतात. सुट्टीत मुलांना खाडीवर नेलं असं कुठल्या जमातीच्या अहवालात मी अजून वाचलेलं नाही.

मुंबईहून आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही माकुणसारच्या खाडीकडे गेलो. ओहोटीची वेळ मला मोबाइलवर बघावी लागली. तिथं कालवं काढायला आलेली एक मांगेली मावशी म्हणाली, "चांद कितवा ते ठाऊक नाय तुला?" मला लाज वाटली. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. म्हणजे आपल्या हिजरी महिन्याची पहिली एक-दोन तारीख आणि मग चौदा-पंधरा ते सतरा. रमजानचा आणि ईदचा चांद आपण गच्चीवर चढून शोधतो. तोच चांद खाली खाडीचं पाणी किती ओसरणार ते सांगत असतो, हे मला वयाच्या तिशीत एका मावशीनं शिकवलं. अष्टमीच्या सुमारास पाणी फारसं हलत नाही, तेव्हा येऊ नका, हेही तिनंच सांगितलं.

त्या दिवशी मुलांनी वहीत एकवीस नावं लिहिली. चिखलावर उड्या मारत चालणारी निवटी. एक नांगी अंगाहून मोठी असलेला चिमुकला खेकडा. खडकाला चिकटलेली कालवं. बगळा, खंड्या, तुतवार. तिवर आणि कांदळ ही दोन वेगळी झाडं आहेत: तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कांदळाची खोडातून कमानीसारखी खाली उतरतात. यातली निम्मी नावं मावशीनं सांगितली. शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई आमची गाइड लेक्चरर होती, आणि खाडी हे तिचं कपाट.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर लेख खोटा होईल. नंतरच्या एका फेरीत, दुसऱ्याच एका किनाऱ्यावर, एका माणसानं आम्हाला अडवलं. मोबाइलनं फोटो काढणारी पोरं बघून विचारलं, कुठून आलात, नावं काय. नावं ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला. त्यानं आमचाच व्हिडिओ काढायला सुरुवात केली. भाची रडवेली झाली. मासळीची पाटी घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, "आपलीच पोरं हायत ती, निवट्या बघतात." तो निघून गेला. घरी आल्यावर अम्मी म्हणाली, "आता बस झालं. दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन समुद्रावर फिरायचे दिवस आपले नाहीत."

अम्मीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, किनाऱ्यावर २००८ नंतर पहारा वाढलाय, आणि नावावरून माणसाची पारख करणारे वाढलेत. म्हणून आम्ही आता काही नियम पाळतो. गटानंच जायचं. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवायचं. गावातलं, मासेमारी करणारं कुणीतरी सोबत घ्यायचं. मनाई असलेल्या जागेच्या आसपासही फिरकायचं नाही. पण घरी बसायचं, हे मला मान्य नाही. ज्या किनाऱ्यावर आपण कधी दिसतच नाही तिथं आपण परकेच वाटणार. त्या बाईनं आम्हाला 'आपली पोरं' म्हटलं, कारण आधीचे तीन रविवार तिनं आम्हाला चिखलात गुडघाभर उतरलेलं बघितलं होतं. बंधुभावावर भाषणं मीही खूप ऐकली आहेत. त्या दिवशी कामाला आले ते हे तीन रविवार.

आता, हे सगळं करायचं कशासाठी? पोरांची सुट्टी बरी जाते, एवढ्यासाठी नाही. आपला किनारा वेगानं बदलतोय. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला भूमिपूजन झालं. बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यानं खाड्यांचं काय झालं, यासाठी मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं. बंदर व्हावं की नाही यावर आपल्या वाचकांत दोन मतं असतील, माझ्या घरातच आहेत. बोईसरच्या भाच्याला तिथं नोकरी दिसते, अम्मीला मासळी महाग होताना दिसते. पण एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात तिथं काय जगतं याची यादी असते, आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. सुनावणीत एका बाजूकडे छापील यादी असते आणि दुसऱ्या बाजूकडे, "आमच्या लहानपणी इथं खूप मासे होते," एवढंच असतं. आठवण खरी असते, पण तिला तारीख नसते.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की पहिला प्रश्न असतो, लॉग कुठंय? लॉग नसेल तर काल सगळं नीट चालत होतं, हे कितीही शपथेवर सांगा, कुणी ऐकत नाही. खाडीचंही तसंच आहे. आज निवटी किती दिसल्या हे आज लिहिलं नाही, तर दहा वर्षांनी त्या कमी झाल्या हे सांगता येणार नाही.

आणि यासाठी कायद्यानं जागा करून ठेवलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. गावात कोणती झाडं, पक्षी, मासे आहेत, लोक त्यांना काय म्हणतात, कशासाठी वापरतात, हे सगळं गावकऱ्यांना विचारून लिहायचं. गावाचं संग्रहालय म्हणजे ही वही. तिला इमारत लागत नाही. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग संग्रहालय १९७८ साली उघडलं आणि २६ एप्रिल २०१६ च्या रात्री आगीत जळालं. एका इमारतीत ठेवलेलं एका रात्रीत जातं. शंभर गावांच्या वह्यांत लिहिलेलं असं जात नाही.

मोबाइलवरही हे काम होतं. आयनॅचरलिस्ट नावाचं ॲप फुकट आहे. फोटो काढा, जागा आणि तारीख आपोआप नोंदली जाते, जगभरातले जाणकार नाव सांगतात, आणि पक्की झालेली नोंद संशोधकांना वापरता येते. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतल्या निसर्ग संग्रहालयांनी २०१६ साली आपसांत एक स्पर्धा लावली: आपल्या शहरातल्या जिवांच्या नोंदी कोण जास्त करतं? आज ती 'सिटी नेचर चॅलेंज' म्हणून जगभर होते, भारतातली शहरंही भाग घेतात. ती होते एप्रिलच्या शेवटी. म्हणजे नेमकी आपली परीक्षा संपल्यावर. ज्या मोबाइलबद्दल आपण मुलांना रागावतो, तोच त्या चार दिवसांत संग्रहालयाचं काम करतो.

मला विचारतात, याचा करिअरला काय उपयोग? थेट उपयोग सांगून मी कुणाला भुलवणार नाही. सातातली एखादी मुलगी समुद्रजीवशास्त्राकडे जाईल, बाकीची कॉमर्सला आणि आयटीआयला जातील. पण नीट बघणं, बघितलेलं जसंच्या तसं लिहिणं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणणं, ही सवय प्रत्येक कामात लागते. फॉरवर्ड आलेला मेसेज खरा की खोटा, हे बघायलाही तीच लागते. मुलींचं काय, असंही विचारतात. आमच्या गटात तीन मुली आहेत आणि सगळ्यात नीट वही त्यांचीच आहे. सोबत एखाद्या खाला किंवा आपा येतात. सकाळी जाऊन दहाच्या आत परत. शक्य नाही, असं यात काही नाही.

तर पुढच्या सुट्टीसाठी माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. गावातली पाच-सात मुलं गोळा करा. दोनशे पानी एक वही घ्या. चांदाची तारीख बघून ओहोटीच्या वेळी खाडीवर जा. खाडी नसेल तर तळं, नदी, माळ, कब्रस्तानातली जुनी झाडंही चालतील. गावातली जाणती बाई किंवा बाबा गाठून नावं विचारा, आणि ती ज्या बोलीत सांगतील त्याच बोलीत लिहा. एकदा ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही दाखवा, असं म्हणा. नसेल तर अर्ज द्या, माहितीचा अधिकार आहेच. असेल तर तुमची नावं त्यात घालायला सांगा. वर्षातून एकदा, जमलं तर, मुलांना मुंबईला वस्तुसंग्रहालयात न्या. आणि सुट्टीच्या शेवटी मशिदीजवळच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात मुलांच्या वह्यांचं आणि फोटोंचं प्रदर्शन भरवा. गावातल्या सगळ्यांना बोलवा; ज्या मावशीनं नावं सांगितली तिला पहिल्या रांगेत बसवा.

सलीम अलींना मामाची चिठ्ठी मिळाली. आपल्या पोरांकडे चिठ्ठी नाही, पण आपण आहोत. पदवी घेतलेले, नोकरीला लागलेले, सुट्टीत गावी येणारे आपण सगळे कुणाचे तरी मामू, चाचू, आपा आहोत.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला अजून शब्दांत दिलेलं नाही. त्याच्या वहीत आता चौसष्ट नावं झाली आहेत. पहिल्या पानावर त्यानं स्वतःच लिहिलंय: माकुणसार खाडी, बघायला या.